मुलांचें लिहिणें आणि गुरुजींची तांबडी शाई

(जेऊर, तालुका करमाळा, येथें शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेंत एका निवृत्त प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण.)



मीं अडतीस वर्षें ह्याच मुलखाच्या खेड्यापाड्यांतून मुलें शिकविलीं. आज तुम्हीं मला शाळेविषयीं चार शब्द बोलावयास उभें केलें आहे. शाळेचीं गाऱ्हाणीं पुष्कळ आहेत. पण मी आज एकच गोष्ट घेणार आहें. आपल्या मुलांस स्वतःच्या मनांतलें लिहावयास कसें शिकवावें, आणि त्यांनीं लिहिलेलें तोलावें कसें, एवढीच ती गोष्ट. तुम्ही म्हणाल, 'गुरुजी, हें काम मास्तरांचें. आम्हांला उसाची तोड, केळीचा भाव आणि विजेची वेळ ह्यांतून सवड कोठें?' बरोबर आहे. तरी हें काम तुमच्या घरचेंच कसें आहे तें आधीं सांगतों.

सुपें नांवाचें एक गांव आहे. तें पूर्वीं भीमथडी तालुक्यांत होतें. १८७५ सालच्या मे महिन्यांत तेथील बाजाराच्या दिवशीं कुणबी लोक खवळले, सावकारांच्या घरांत शिरले आणि त्यांनीं कर्जरोखे व वह्या बाहेर काढून जाळल्या. हें लोण पुढें पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांतील पुष्कळ गांवीं पसरलें. त्या लोकांचा राग मुख्यतः कागदावर होता. कारण कागद दुसऱ्यानें लिहिलेला, आंत काय लिहिलें तें दुसऱ्यालाच ठाऊक, आणि खालीं निशाणी मात्र ह्यांची. सरकारनें चौकशी केली आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं कायदा केला. त्यांत शेतकऱ्याचा दस्त गांवच्या रजिस्ट्रारानें समक्ष लिहावा किंवा लिहवून घ्यावा, अशी तजवीज घातली. म्हणजे पाहा, ज्याला आपलें म्हणणें आपल्या हातानें मांडतां येत नाहीं, त्याच्यासाठीं सरकारला लेखक नेमावा लागला. आतां सही सर्वांस येते. पण सही येणें निराळें आणि लिहितां येणें निराळें. सही म्हणजे आंगठ्याचीच सुधारलेली बहीण होय. दुसऱ्याच्या मजकुराखालीं ती केली, तर तिची किंमत आंगठ्याइतकीच.

आतां माझ्या हातून घडलेली चूक सांगतों. ती सांगितल्यावांचून मला पुढचें बोलण्याचा हक्क नाहीं.

१९९० च्या सुमारास मी चौथीचा वर्ग शिकवीत होतों. वर्गांत एका धरणग्रस्ताचा मुलगा होता. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, तेव्हां त्याच्या वाडवडिलांचें गांव पाण्याखालीं गेलें होतें. मीं निबंधाचा विषय घातला, 'माझें गांव'. सगळ्या मुलांनीं तें आपलें नेहमींचें लिहिलें : माझें गांव सुंदर आहे, गांवांत मंदिर आहे, गांवाबाहेर नदी वाहते. ह्या मुलानें लिहिलें, 'माझं गाव पान्यात हाय. उन्हाळ्यात पानी खाली गेलं की आज्जा मला आमच्या घराचा उंबरा दाखवतो. आज्जा तितं बसून तंबाखू मळतो आन काय बोलत न्हाई.'

आणि मीं काय केलें? 'पान्यात' खोडून 'पाण्यात' केलें. 'हाय' खोडून 'आहे' केलें. 'तितं', 'आन', 'न्हाई' ह्यांवर तांबड्या रेघा ओढल्या. खालीं 'विषय सोडून लिहिले आहे' असा शेरा मारला आणि दहांपैकीं तीन गुण दिले. सुंदर गांव लिहिणाऱ्यांस सात सात, आठ आठ. त्यांतल्या बहुतेकांनीं तें एकाच पुस्तकांतून उतरलें होतें, हें मला माहीत होतें!

पंधरासोळा वर्षांनीं एका कचेरीबाहेर मला तो भेटला. अर्जनवीसापुढें उकिडवा बसून तो अर्ज सांगत होता. पुनर्वसनाच्या जमिनीच्या उताऱ्यांत आजाचें नांव चुकलें होतें. तो जें सांगत होता तें अगदीं मुद्द्याचें होतें : आजाचें नांव काय, चूक कोठें झाली, कोणत्या कागदांत बरोबर आहे. अर्जनवीस मात्र 'विनंती अर्ज करतो की', 'तरी मेहेरबान साहेबांनी' असें आपलें ठरीव घोटवीत होता. मुद्दा दोन ओळींत कसाबसा आला, आणि ज्या कागदांत नांव बरोबर होतें त्याचा उल्लेख राहूनच गेला. मीं म्हटलें, 'अरे, तूं सातवी शिकलास ना? स्वतः कां लिहीत नाहींस?' तो हंसून म्हणाला, 'गुरुजी, मला लिहायला जमत न्हाई. तुमीच न्हाई का तीन मार्क दिलं हुतं?'

तो थट्टेनें बोलला. मला मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं. ज्याला जमत होतें, त्यालाच मीं शिकविलें होतें कीं तुला जमत नाहीं.

बंधूंनो, आपल्या समाजांतल्या मुलांच्या लिहिण्याची गोष्ट निघाली म्हणजे मुक्ता साळवे हिचें नांव घेतलेंच पाहिजे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांच्या पुण्यांतील शाळेंत शिकणारी ही मातंग समाजाची मुलगी. तिचें वय तेव्हां चौदाच्या आसपास. तिनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला, आणि तो १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत दोन अंकांत छापून आला. त्यांत ती विचारते कीं, वेद जर ब्राह्मणांचेच, तर मग आमचा धर्म कोणता? आमच्या लोकांस जमिनीवरून हुसकून इमारतींच्या पायांत पुरीत, असें ती लिहिते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हां त्यांच्या घरावर छप्परसुद्धां नसतें, थंडीवाऱ्यांत त्यांचे काय हाल होत असतील, तें स्वतःच्या अनुभवावरून ओळखा, असें ती सांगते. आणि शेवटीं आपल्या जातभाईंस ज्ञानाचें औषध घ्यावयास सांगते.

आतां विचार करा. त्या शाळेंत 'माझा आवडता ऋतु' एवढाच विषय घातला असता, आणि 'पावसाळा सुंदर असतो' असें घोकून लिहिणारीस बक्षीस दिलें असतें, तर पावसांत उघड्यावर बाळंत होणाऱ्या बाईची हकीकत मुक्तेच्या हातून कागदावर आली असती काय? गुरूंनीं तिला अक्षर दिलें, आणि तिच्या जवळचा मजकूर तिला लिहूं दिला. ज्या मुलीला पाटीला शिवण्याचा अधिकार नव्हता, तिचा निबंध पावणेदोनशे वर्षांच्या जवळपास लोटलीं तरी महाराष्ट्र वाचतो. मोठमोठ्या पंडितांच्या त्या काळच्या किती निबंधांस हें भाग्य लाभलें?

खुद्द जोतीरावांवरही तांबडी शाई सांडली आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 'निबंधमालें'त जोतीरावांच्या लिखाणाचा समाचार घेतला आणि व्याकरणावरून त्यांची चेष्टा केली. पुढें १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा झाला. शेतकऱ्याचें कर्ज, त्याचें फुटकें घर, कचेरींतले त्याचे हाल, हें सगळें त्यांत आहे. तें कळावयास कोणाला व्याकरणाची अडचण पडली नाहीं. आणि फार लांब कशाला जावें? नागराज मंजुळे ह्याच जेऊरचे. त्यांनीं २०१३ सालीं 'फँड्री' आणि २०१६ सालीं 'सैराट' हे चित्रपट काढले. त्यांत माणसें आपल्याच करमाळ्याकडचें बोलतात. तें ऐकावयास साऱ्या महाराष्ट्रानें तिकिटें काढलीं. मीं तांबड्या रेघा ओढल्या त्या ह्याच बोलीवर!

येथें कोणी म्हणेल, 'मग काय, शुद्धलेखन गुंडाळून ठेवावयाचें? आमच्या पोरांनीं हाय-न्हाई लिहूनच परीक्षा द्यावयाची?' नाहीं, मुळींच नाहीं. जो असें सांगेल तो तुमचा हितशत्रु समजा. प्रमाण भाषा ही कचेरीची, परीक्षेची आणि छापखान्याची भाषा आहे. ती आपल्या मुलांस उत्तम आलीच पाहिजे. ती न शिकवणें म्हणजे मुलास वेशीच्या आंतच कोंडणें होय. पण ती धुतल्या तांदळासारखी शुद्ध आणि तुमची घरची बोली अशुद्ध, हें मात्र खोटें. मी १९५१ सालचा. मला पहिलीपासून 'नाहीं', 'कांहीं', 'आतां' ह्यांवर टिंब द्यावयास शिकविलें. टिंब विसरलें कीं हातावर छडी बसे. १९६२ सालीं सरकारनें मराठी लेखनाचे नवे नियम मान्य केले आणि तीं टिंबें काढून टाकलीं. काल जें टिंब न दिल्याबद्दल मार बसे, तें आज दिल्याबद्दल गुण कापले जाऊं लागले! मी अजून सवयीनें टिंबें देतोंच. सारांश, शुद्धलेखन हा माणसांनीं सोयीसाठीं केलेला करार आहे. तो जरूर पाळावा. पण त्यावरून कोणाची अक्कल मोजूं नये.

मग चूक कोठें होते? क्रमांत होते. सुतारबंधु येथें बसले आहेत, त्यांना विचारा. लांकूड आधीं करवतीनें कापतात, मग वाकसानें तासतात, आणि सर्वांच्या शेवटीं रंधा फिरवितात. ओंडका तसाच पुढ्यांत असतांना कोणी त्यावर रंधा मारूं लागला, तर तुम्ही त्यास वेडा म्हणाल. आम्ही मास्तर लोक तेंच करतों. मुलाच्या मनांतला ओंडका अजून कापला नाहीं तोंच आमचा शुद्धलेखनाचा रंधा चालूं होतो. आधीं मुलानें काय सांगावयाचें तें सगळें कागदावर उतरूं द्यावें, घरच्या बोलींत उतरलें तरी हरकत नाहीं. मग काय पुढें, काय मागें, काय फाजील, तें त्यालाच ठरवूं द्यावें. आणि मग, सर्वांच्या शेवटीं, ऱ्हस्व-दीर्घ आणि प्रमाण भाषा. १८८२ सालीं हंटरसाहेबांच्या शिक्षण कमिशनापुढें जोतीरावांनीं मागणी केली होती कीं, खेड्यांतला शिक्षक गरज पडल्यास नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातीं धरूं शकेल असा असावा. वाकस हातीं धरलेल्या माणसाला हा क्रम सांगावा लागत नाहीं.

आतां गुणांविषयीं. दहांपैकीं तीन म्हणजे मापाचें माप, असें आपण समजतों. जोंधळा करमाळ्यास तोला कीं टेंभुर्णीस तोला, कांटा खरा असेल तर वजन एकच भरतें. निबंधाचें तसें आहे काय? १९१२ सालीं अमेरिकेंत स्टार्च आणि इलियट ह्या दोघां विद्वानांनीं दोन मुलांच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती शेंकडों शाळांस धाडल्या. १४२ शिक्षकांनीं त्या तपासल्या. एकच पत्रिका; तिला शंभरांपैकीं कोणी ६४ गुण दिले, तर कोणी ९८. दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत. एकाकडे नापासाच्या उंबऱ्यावर आणि दुसऱ्याकडे पहिल्या रांगेंत, असा हा कांटा! तेव्हां आपल्या मुलास निबंधांत कमी गुण पडले म्हणून त्याला बुद्धि कमी, असें घरीं कोणी बोलूं नका.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. १९८८ सालीं रूथ बटलर नांवाच्या विदुषीनें इस्रायलमधील शाळांत एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं मुलांस नुसते गुण दिले. कांहींस गुण न देतां, काय जमलें आणि पुढें काय करावें, एवढेंच लिहून दिलें. कांहींस दोन्ही दिलें. नुसता अभिप्राय मिळालेल्या मुलांचें काम सुधारलें. नुसते गुण मिळालेल्यांचें तसें सुधारलें नाहीं. आणि चमत्कार पाहा, दोन्ही मिळालेल्यांचेंही सुधारलें नाहीं. कारण उघड आहे. गुण दिसला कीं मूल शेजाऱ्याच्या वहींत डोकावतें आणि अभिप्राय वाचावयाचा राहून जातो.

आपल्या सरकारला हें ठाऊक नाहीं असें नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानंतर २०१० सालीं महाराष्ट्रांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलें. मूल शिकत असतांनाच त्याची प्रगति पाहावी आणि प्रत्येक मुलाविषयीं वर्णनात्मक नोंद लिहावी, असें त्यांत ठरलें. हेतु चांगला. पण झालें काय? बाजारांत नोंदींच्या तयार पुस्तिका आल्या. 'स्वतःच्या शब्दांत लिहितो', 'मुद्देसूद लेखन करते' अशीं वाक्यें त्यांतून उतरून घेतात. मुलें तयार निबंध उतरतात आणि आम्ही तयार अभिप्राय उतरतों! आतां तर मोबाईलला विषय सांगितला कीं तोच निबंध लिहून देतो. तो निबंध शुद्ध असतो, सुंदर असतो; पण कोणाच्या आज्जानें उंबऱ्यावर बसून तंबाखू मळली, हें मोबाईलला कोठून ठाऊक? सगळाच दोष मास्तरांवर मी घालीत नाहीं. एका मास्तराकडे दोन दोन वर्ग, वर माहित्या भरण्याचें काम. तीसचाळीस वह्या तो जीव लावून वाचील केव्हां? पण एका महिन्यांत चार निबंध घेऊन चारींवर रेघा ओढण्यापेक्षां एकच घ्यावा, तो दोनदां लिहवून घ्यावा, आणि दुसऱ्या खेपेस काय सुधारलें तें पाहावें. ह्यांत मास्तराचा वेळ वाढत नाहीं.

गरिबाच्या मुलांस असें लिहितां येतें काय, अशी शंका कोणास असेल, तर इटलीची गोष्ट ऐका. डोंगरांत बार्बियाना म्हणून लहानशी वस्ती. शाळेंत नापास होऊन घरीं बसलेलीं शेतकऱ्यांचीं मुलें लोरेन्झो मिलानी नांवाच्या पाद्र्यानें जमविलीं आणि शिकविलीं. त्यांतल्या आठ मुलांनीं मिळून, नापास करणाऱ्या शिक्षिकेला उद्देशून, एक पुस्तकच लिहिलें. तें १९६७ सालीं निघालें आणि जगांतल्या अनेक भाषांत गेलें. त्यांची रीत अशी. जो तो खिशांत कागद बाळगी. विचार सुचला कीं एका कागदावर एकच विचार लिही. मग सगळे कागद मोठ्या मेजावर मांडीत. तेच तेच असतील ते काढीत. एका जातीचे कागद एका ढिगांत घालीत. ढिगाला नांव देतां येईना तर तो फोडीत. क्रम लावीत, आणि मग फाजील शब्द काढावयास बसत. एक वाक्य उभें राहिलें कीं सगळे मिळून विचारीत, 'हें खरें आहे काय? हें सोपें करतां येईल काय?' खळ्यावर आपण रास करतों, वारवतों, चाळतों, तसेंच तें काम. आपल्या पोरांस हें न येण्यासारखें त्यांत काय आहे?

तर आयाबहिणींनो, तुम्हीं घरीं काय करावें तें थोडक्यांत सांगतों. स्वतः वाचतां येत नसलें तरी चालेल.

पहिलें, पोराला त्याचें लिहिलेलें मोठ्यानें वाचावयास सांगा. 'अक्षर कसलें घाण' असें आधीं म्हणूं नका. ऐका, आणि जें कळलें नाहीं तें विचारा. 'मग पुढं काय झालं?' हा प्रश्न अडाणी आईसुद्धां विचारूं शकते, आणि त्याहून मोठा अभिप्राय नाहीं.

दुसरें, घरचें खरें लिहिणें पोराच्या हातीं द्या. दुधाचा हिशेब, मजुरांची हजेरी, मामाला पत्र, विजेच्या तक्रारीचा अर्ज. बापानें सांगावें, पोरीनें लिहावें आणि वाचून दाखवावें. बाप म्हणेल 'असं न्हवं', तेव्हां तिनें पुन्हां लिहावें. पुन्हां लिहिणें म्हणजे शिक्षा नव्हे, तें कामच आहे, हें तिला असें कळेल.

तिसरें, शाळेच्या पालकसभेंत 'किती मार्क पडले' हें एकदां विचारतां तर 'गुरुजी, पोराच्या निबंधाखालीं तुम्ही काय लिहिलंत?' हें दोनदां विचारा. गुरुजींनीं तीन गोष्टी लिहाव्या, अधिक नकोत : तुझी कोणती गोष्ट मला आवडली, कोणती कळली नाहीं, आणि ह्या खेपेस कोणती एकच चूक सुधारावी. पंचवीस चुका एकदम दाखविल्या तर पोर एकही सुधारीत नाहीं, वही मात्र मिटून टाकतें.

शेवटीं त्या माझ्या विद्यार्थ्याविषयीं. कचेरीबाहेर त्याला मीं बाजूला घेतलें. म्हटलें, 'बाळ, तो शेरा माझा चुकला होता. तूं विषय सोडला नव्हतास. विषय मलाच कळला नव्हता.' तो लाजला. मग चहाच्या टपरीवर आम्ही दोघे बसलों. मीं एक शब्दही सांगितला नाहीं, नुसता 'मग पुढें?' एवढेंच विचारीत गेलों. त्यानें स्वतःच्या हातानें अर्ज लिहिला. अक्षर वांकडें होतें, चार चुका होत्या. त्या आम्हीं शेवटीं दुरुस्त केल्या. पण आजाचें नांव, गट नंबर, आणि कोणत्या कागदांत बरोबर आहे तें, सगळें एका पानांत आलें. खालीं त्यानें सही केली. ती सही त्याच्या स्वतःच्या मजकुराखालीं होती.

त्याच्या वर्गांत आणखी तीस मुलें होतीं, आणि माझ्या अडतीस वर्षांत असे किती वर्ग झाले असतील. त्या सगळ्यांना टपरीवर बसवून माफी मागणें आतां ह्या जन्मीं होणें नाहीं. म्हणून तुमच्यापुढें बोलावयास आलों. तुमच्या घरांतलीं मुलें आज रात्रीं वह्या उघडतील. त्यांचें आधीं ऐकून घ्या, एवढी विनंती करून मी खालीं बसतों.